दाब

लघुलिपीत त आणि द ही एकच उभी रेघ.
पेन्सिल हलकी धरली की त,
जरा दाबली की द.
घाईत स्वरचिन्हं गळतात, रेघ तेवढी उरते.
महालातल्या क्लासात डेकाटे मास्तर सांगायचे,
"कान सगळ्यांनाच असतात बाई, मनगट सांभाळा."
तेवीस अधिवेशनं मी मनगट सांभाळलं.

डिसेंबरात मुंबईहून फायली येतात ट्रकांनी,
सिव्हिल लाइन्सच्या झाडांना कंबरेपर्यंत गेरू लागतो.
आमची पाळी दहा मिनिटांची.
जाऊन बसायचं, लिहायचं, पुढची आली
की अर्धं वाक्य तिच्यावर सोडून उठायचं.
अख्खा कायदा मी कधी ऐकलाच नाही.

त्या दिवशी माझ्या दहा मिनिटांत आला
सुधारणा विधेयकाचा खंड चार:
कुटुंबातील दुसऱ्या अपत्यापर्यंतच सहाय्य देय राहील.
आणि लगेच खंड नऊ:
बालदारिद्र्याचा वार्षिक अहवाल
सभागृहापुढे ठेवण्याची तरतूद वगळण्यात येत आहे.
मागच्या बाकावरून कुणी विचारलं,
मग उपाशी किती, ते कळणार कसं?
उत्तर आलं, आकड्यांनी कुणाचं पोट भरत नाही.
(हशा)
हशा कंसात लिहायचा असतो.
त्यानंतरची शांतता लिहायला चिन्ह नाही.

मी घरातली तिसरी.
गोळीबार चौकात माय कांड्या भरायची.
रेशनकार्डावर दिनकर आणि पुष्पी,
माझं नाव "पुढच्या खेपेला चढवू" म्हणणारा बाबू
गोंदियाला बदलून गेला.
दोघांच्या साखरेत तिघांचा चहा,
म्हणून मला अजून गोड चहा जात नाही.
माय म्हणायची, "कागदावर नसंन हे,
पन तोंड तं हाये न बावा तिले."

चारला पाळी संपली. टी-पॉइंटला मोर्चा अडवलेला,
लाकडी बल्ल्यांपलीकडे बाया रस्त्यावरच बसलेल्या.
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून एक उठली.
रंजना उईके, वाडीहून आलेली,
हे तिनं न विचारताच सांगितलं.
"मॅडम, अंदर आमचं काई निंगलं का?"
निघालं होतं.
मी म्हटलं, चर्चा चालू आहे.
तेवढ्यात तिची चप्पल तुटली.
"जरा धरा न याले," म्हणत तिनं
कडेवरचा लहाना माझ्या हातात दिला
आणि पिनेनं पट्टा जोडायला बसली.

दुसऱ्याच कुठल्या शाळेचा बिल्ला असलेला स्वेटर,
बाह्या बोटांखाली लोंबणाऱ्या.
वय म्हणे अडीच.
अडीच वर्षांची मुलं मी घेतली आहेत,
पुष्पीची दोन्ही.
माझ्या मनगटाला लगेच कळलं:
हा त.

परत येऊन टिपण उलगडलं, टंकायला बसले.
पान एकेचाळीस. खंड चार.
तिथं, माझ्याच अक्षरात,
रेघ बारीक होती.
तेवीस अधिवेशनांत न झालेली चूक.
वाचलं तर सरळ दिसत होतं:
कुटुंबातील तिसऱ्या अपत्यापर्यंतच सहाय्य देय राहील.

पंख्याशिवायही पानं हलतात, हे तेव्हा कळलं.
किंवा माझा हात असेल.
नांदगावकर साहेब दारातून म्हणाले, "झालं का?"
मी टंकलं: दुसऱ्या.
जे बोललं गेलं तेच जायला हवं,
नाहीतर उद्या त्यांनी काय काय बोललं नाही, तेही जाईल.
होयचे बहुमत, होयचे बहुमत.
विधेयक संमत झाले.

वह्या वर्षभरानं रद्दीत द्यायच्या, असा आदेश आहे.
ती मी डब्याच्या पिशवीतून घरी आणली.
नोकरीतली एवढी एकच चोरी.
उन्हाळ्यात गव्हाबरोबर तिलाही गच्चीवर ऊन देते.
शिसं पुसट होत चाललंय,
जाड रेघा बारीक दिसायला लागल्यात,
पण त्या एका पानावर, कुणी लघुलिपी जाणणारं आलंच,
तर कायदा अजून तिसऱ्यापर्यंत पोचतो.